नाल्यापलीकडून आलेली अरदास

देव माणसाची परीक्षा पाहतो म्हणतात. माझी पाहायची होती तर हात, पाय, डोळा, बैल, काय वाट्टेल ते मागायला त्याला मोकळीक होती. पण त्याने नेमका माझा गळा नेला, आणि तोही अशा वेळी की अर्धा तांडा त्या गळ्याच्या भरवशावर बसला होता. तेव्हा माझ्या मनात आलं, आपली याडी एक तर बहिरी झाली आहे, नाही तर आपल्यावर रुसली आहे. याडी म्हणजे आई. आम्ही गोर बंजारे देवीला याच नावाने हाक मारतो. आईवर असा संशय घेणं पाप आहे हे मला कळत होतं. पण एकटा माणूस पाप-पुण्याचा विचार करीत नाही, तो फक्त कोणी ऐकतंय का ते पाहतो.

आधी गळ्याची ओळख करून देतो, म्हणजे नुकसान किती झालं ते वाचणाऱ्याच्या ध्यानात येईल. ढाणकीच्या बाजारात मी बैलाला हाक मारली की उमरखेडला उभी असलेली मोटार सुटायची; ड्रायव्हरला वाटायचं, कंडक्टरच ओरडला. माझ्या लग्नात मी पहिली लेंगी, म्हणजे आमचं फेर धरून म्हणायचं गाणं, म्हटली तेव्हा वऱ्हाडातल्या एका म्हातारीची बंद पडलेली ऐकू येण्याची ताकद परत आली, आणि ती पुढे मरेपर्यंत मला शिव्या देत राहिली, की आता सुनेचं सगळं बोलणं ऐकावं लागतं. यातलं थोडं कमी-जास्त धरा. पण गळा होता हे खरं, आणि आमच्या पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर फिरल्या, त्या काळात अख्खा लदेणीचा तांडा हाकेवर चालवणारे माझे पूर्वज होते, हेही खरं. माझ्या पणजोबाने हाक मारली की पुढचा बैल नदीपाशी थांबायचा आणि मागचा बैल अजून डोंगरात असायचा. त्यांचाच वारसा माझ्या नरड्यात उतरला होता. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे, आणि तो लपवायला मी काही साधुसंत नाही.

आपला वऱ्हाड मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या सालची ही गोष्ट. ज्वारी निसवली होती, कणसं बाहेर पडली होती. तेवढ्यात तापाची साथ आली. उमरखेडचे डॉक्टर त्याला फ्लू म्हणत. आमच्याकडे वाऱ्याचा ताप म्हणत, कारण तो कुठून येतो ते दिसत नव्हतं आणि येताना कोणाला विचारतही नव्हता. जगभर आहे, असं पेपर वाचणारे सांगायचे. मला त्याचंही थोडं बरं वाटलं, की आमच्या एवढ्याशा तांड्याची दखल जगाने घेतली.

आमचे नाईक म्हणजे तांड्याचे प्रमुख. वय झालेलं, पाठ वाकलेली, पण डोकं धार लावलेल्या कोयत्यासारखं. तरणेपणी त्यांनी अठरा सालची मानमोडीची साथ पाहिली होती. त्या साथीत त्यांच्या घरातलं माणूस न माणूस गेलं, एकटे ते वाचले. त्यांनी सगळ्यांना लिंबाखाली बोलावलं, तेही एकमेकांपासून लांब लांब बसवून, आणि म्हणाले, "तांडा दाटला की मरते, पांगला की जगते. उद्यापासून ज्याने त्याने आपल्या वावरात राहाचं. कोणी कोणाच्या धुऱ्यावर पाय ठेवाचा नाई. आपल्या आजे-पंज्यानं घर पाठीवर घेतलं होतं, आपल्याले निसतं माळ्यावर नेऊन ठेवाचं हाय."

पाखरं हाकायला ज्वारीत उंच माळे बांधलेलेच होते. नाईकांचा शब्द पडला आणि तांडा रिकामा झाला. घराघरांची माणसं पोतं, तवा, पाण्याचं मडकं घेऊन आपापल्या शेतात गेली. माझी घरवाली बापाच्या आजारपणामुळे पैनगंगेपल्याड माहेरी गेली होती. वाटा बंद झाल्या आणि ती तिकडेच अडकली. म्हणून माझ्या माळ्यावर मी, एक गोफण आणि तोंड. एवढीच माणसं.

पण मग अरदासीचं काय? आमची अरदास म्हणजे सगळ्यांनी मिळून उभं राहून देवीला केलेली विनवणी. विस्तवावर तूप-गुळाचा भोग चढवायचा, धूर वर निघाला की नाईकांनी एकेक मागणं मागायचं आणि सगळ्यांनी त्याला साथ द्यायची. आणि मागणं कसं? आधी मुंगीचं भलं कर, मग गुराढोरांचं, झाडाझुडपांचं, मग साऱ्या जगाचं, आणि त्यात जागा उरली तर आमचं. सगळ्यांचं बरं होवो, सेन साई वेस, हा शेवटचा शब्द. एकट्याने अरदास म्हणणं म्हणजे एकट्याने फेर धरण्यासारखं. जुन्या बायका रडायलाच लागल्या, की तापाने नाही तर अरदासीवाचून मरू.

तेव्हा नाईकांनीच युक्ती काढली, आणि ती आठवली की माझी छाती आजही फुगते. ते म्हणाले, दिवस कलला की मी माझ्या माळ्यावरून अरदास सुरू करीन. एकेक मागणं पुढच्या माळ्याने उचलायचं, त्याने त्याच्या पुढच्याला द्यायचं. अशी ती अख्ख्या शिवारातून जाईल, आणि शेवटच्या माळ्यावरून होकार तसाच उलटा परत येईल. ज्याचा होकार आला नाही, त्याच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पेज अन् औषध नेऊन ठेवायचं. म्हणजे एकाच हाकेत देव पण झाला आणि विचारपूसही झाली. शहरात तारायंत्र असतं म्हणे. आमच्याकडे बिनतारेचं होतं, आणि त्याला वीज लागत नव्हती.

एक अडचण होती. आमची शेतं नाल्याच्या कडेने टेकाडाच्या दोन्ही अंगांना पसरलेली. वरच्या अंगाचा आवाज खालच्या अंगाला जाईना; मधे टेकाड आडवं. टेकाडावर शेत कोणाचं? माझं. नाईक लांबूनच म्हणाले, "वरचं खाली नेणारा तू एकटा हायस. जमन?"

"नाईक, खालच्या अंगालेच कायले, म्हणाल तं नांदेडच्या लोकाईलेही आयकवतो," मी म्हणालो.

"निजामाच्या लोकाईले झोपू दे. तू आपल्या धानीकाकीपर्यंत पोचव, लय झालं."

धानीकाकी म्हणजे खालच्या अंगाच्या अगदी टोकाच्या माळ्यावरची एकटी विधवा म्हातारी.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा अरदास निघाली. वरून एकेका माळ्यावरून ती येताना ऐकू यायची, पुरुषांच्या आवाजात, बायांच्या आवाजात, एका तोतऱ्याच्याही आवाजात. शेतातून वारा यावा तशी. माझ्यापाशी आली की मी छातीत दम भरून अशी सोडायचो की ज्वारीवरची चिमण्यांची रांग उठायची. मग खाली ती उतरत जायची, आणि थोड्या वेळाने तळातून धानीकाकीचा चिरका होकार वर चढत यायचा. मुंगीपासून जगापर्यंत सगळ्यांची विचारपूस करून तांडा जेवायला बसायचा. तापाने घेतलेली माणसं होती, गेलेलीही होती. आमच्या बायका भेटल्या की गळ्यात पडून सुरात रडतात, काय काय सोसलं ते सांगत सांगत. त्या साथीत नाईकांच्या खालोखाल मान असलेले तांड्याचे कारभारी वारले तेव्हा गळ्यात पडता येईना, म्हणून सगळ्या आपापल्या माळ्यावर उभ्या राहून रडल्या, आणि अख्खं शिवार एका सुरात रडलं. ते रडणं मी वरून खाली पोचवलं नाही; त्याला कोणाची गरजच नव्हती.

आणि मग मला ताप आला. तो काही मोठा सांगण्यासारखा नव्हता. हाडं मोडली, अंग भाजलं, धुऱ्यावर ठेवलेली पेज प्यालो, आणि उतरला. पण जाताना गळा घेऊन गेला. तोंड उघडलं तर आतून कुंभाराच्या फुंकणीसारखी हवा निघायची. मध, हळद, तुळस, सगळं केलं. संध्याकाळी वरची अरदास माझ्यापाशी येऊन उभी राहिली, आणि मी तोंड वासून तिच्यापुढे उभा. शेवटी रिकामा डबा घेतला आणि दगडाने बडवला, म्हणजे वरच्यांना निदान जिवंत असल्याचं कळावं. ते कळलं. पण डब्याने मुंगीचं भलं कसं मागायचं? खालचं अंग त्या दिवशी अरदासीवाचून झोपलं. दुसऱ्या दिवशीही. धानीकाकी सांजेला आपणहून हाका मारायची, "अरे, आज काहून गप हाव रे? देवी रुसली का?" आणि मी टेकाडावर बसून ऐकायचो.

आता जे लिहितो ते हसत लिहिता येत नाही, तरी लिहितो, कारण असा काळ दुसऱ्या कोणावरही येऊ शकतो. माझं मन तापापेक्षा जास्त आजारी पडलं. बोलणारा माणूस गप झाला की त्याच्या आत बोलणं कुजतं. दिवसा झोप यायची आणि जाग आली की छातीवर जातं ठेवल्यासारखं वाटायचं. भाकर थापायचा कंटाळा येऊ लागला. थापली तर मातीसारखी लागायची. पागोटं बांधणं सोडलं. ज्वारीची पानं वाऱ्याने वाजली की वाटायचं, आपल्याबद्दलच बोलताहेत. पाखरं हाकणं सोडलं. खा म्हटलं, तुम्ही तरी या. पुढे पुढे मी डबा बडवणंही सोडलं. वरच्या माळ्यावरचा धनसिंग ओरडून विचारायचा, "दादा, हायस न?" तर मी नुसता हात वर करायचो, आणि तो लांबूनच समाधान मानायचा. नाईकांनी धुऱ्यावर गूळ ठेवला, शेंगा ठेवल्या. त्यांची चूक काहीच नव्हती. लांबून दिसणारा माणूस बराच दिसतो.

एका सांजेला मी विहिरीच्या काठावर जाऊन बसलो. विहीर टेकाडाच्या पायथ्याशी, नाल्याच्या बाजूला. पाणी काढायला गेलो नव्हतो. पाण्याकडे पाहत बसलो आणि पाणी माझ्याकडे पाहत बसलं. मनात आलं, ज्याचा आवाज गेला त्याचं इथे काय काम? वरची अरदास वर राहिली, खालची माणसं खाली राहिली, मधे मी एक दगड. दगडाने पाण्यातच जावं. देवीला म्हटलं, मनातल्या मनात, कारण दुसरीकडे म्हणता येत नव्हतं: "याडी, तुला ऐकूच येत नसेल तर मी ओरडलो काय अन् नाही काय."

तेवढ्यात नाल्यापलीकडून आवाज आला.

आता नाल्यापलीकडे कोण, ते सांगायला हवं. पलीकडे नथ्थू पाटलाचं शेत. जातीने कुणबी, वयाने म्हातारा, स्वभावाने काटेरी बोराटीचं झुडूप. दोन पावसाळ्यांपूर्वी माझे बैल त्याच्या तुरीत शिरले होते, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. बंद म्हणजे तो मला बोलायचा आणि मी त्याला. त्याच्या सुनेला अन् नातवाला ताप आला म्हणून लेकाने म्हाताऱ्याला जपायला शेतातल्या खोपीत आणून ठेवलं होतं. इतके दिवस तो तिथे आहे हे मला धुरावरून कळत होतं, पण मी त्या धुराकडेही पाठ करून बसायचो.

तो आवाज नथ्थू पाटलाचा होता, आणि तो आमची अरदास म्हणत होता.

कशी म्हणत होता म्हणता! आमच्या गोरबोलीतला एक शब्द सरळ नव्हता. जे शब्द आठवत नव्हते तिथे त्याने आपले वऱ्हाडी कोंबले होते, आणि जे वऱ्हाडीही सुचले नाहीत तिथे बैलाला देतो तशी हाक दिली होती. पण क्रम सगळा बरोबर. आधी मुंगी. मग गुरंढोरं. मग झाडं. इतके दिवस रोज सांजेला मी टेकाडावरून जे ओरडत होतो, ते या म्हाताऱ्याने पलीकडे खोपीत एकट्याने बसून ऐकलं होतं, आणि न समजताही पाठ केलं होतं. पाटलाच्या खोपीपुढे नाला उघडा. तिथून त्याचा आवाज थेट खालच्या अंगाला पोचत होता. खालून धानीकाकीचा होकार आला, घाबरलेला, आनंदलेला. म्हातारीला वाटलं असेल, देवीने कुणबी गळा घेतला.

साऱ्या जगाचं मागून झालं. तिथे आमची अरदास संपते. पण पाटील थांबला नाही. त्याला वाटलं असेल, एवढं मोठं मागतोच आहे तर आपलं बी मागून घ्यावं.

"आन् माह्या सुनेले बरं कर, देवीमाय. आन् पोट्ट्याले. आन् पल्याडच्या त्या मोठ्या तोंडाच्या बंजाऱ्याले तोंड दे वापस. लय बोलते लेकाचा, खोटंच बोलते, पन बोलत होता तं सांज झाल्यासारकी वाटे. आता सांज होत नाई, निसता अंधार पडते. त्याले तोंड दे. माह्या तुरीचं मी मंग पायतो त्याच्याकडं."

मी विहिरीच्या काठावर बसलो होतो हे मला आठवतं. त्यानंतर मी काय केलं ते नीट आठवत नाही. हसलो एवढं खरं. आवाज नसलेलं हसू, नुसतं पोट हलवणारं. हसता हसता रडलो, आणि रडताना उठून चढ चढून माळ्यापाशी आलो, डबा उचलला आणि असा बडवला, असा बडवला, की त्याचा तळ फाटला. माझ्या माहितीप्रमाणे त्या आवाजाने पैनगंगेतले मासे उड्या मारायला लागले होते. पाहायला कोणी नव्हतं एवढंच.

मग पाटील ओरडला, "जित्ता हायस काय बे?"

मी डबा बडवला.

"मंग इतके दिस मेल्यावानी काहून पडला होता? तोंड गेलं तं कान गेले काय? कान हाय न?"

मी डबा बडवला.

"मंग आयक. लय दिस झाले, मले कोनी आयकणारं भेटलं नाई."

आणि त्या दिवसापासून, वाचकहो, माझ्यावर जी पाळी आली ती मी माझ्या वैऱ्यावरही येऊ देणार नाही. सकाळी भाकर झाली की नथ्थू पाटील नाल्याच्या काठी दगडावर येऊन बसायचा आणि बोलायला लागायचा. मी इकडच्या काठाला. मधे नाला, पाणी, नाईकांचा नियम. होय म्हणजे डबा एकदा, नाही म्हणजे दोनदा. जन्मभर मी बोललो होतो आणि जगाने ऐकलं होतं. आता जग बोलत होतं आणि मला दोन शब्दांपलीकडे उत्तर नव्हतं. त्याने आपल्या बायकोचं सांगितलं, ती जाऊन किती वर्षं झाली, तिच्या हातच्या आंबाडीच्या भाजीचं. नातवाचं सांगितलं, आणि सांगताना मधेच गप झाला, तेव्हा मीही डबा खाली ठेवून गप बसलो. मला तोपर्यंत माहीतच नव्हतं की दुसऱ्यासाठी गप बसणं हेही एक काम आहे, आणि त्यालाही दम लागतो.

आणि थापा! एके दिवशी म्हणाला, जवानीत त्याने वाघाला औताला जुंपून वखरपाळी घातली होती. दुपारी वाघ दमला तेव्हा यानेच त्याला कांदा-भाकर दिली. मी उठून उभा राहिलो. त्या थापेतला वाघ माझा होता! मीच तो ढाणकीच्या बाजारात सोडला होता, काही वर्षांपूर्वी, तोही नुसता कुंपणाला बांधलेला. कांदा-भाकर मी दिली नव्हती. गावोगाव फिरून, खाऊन-पिऊन मोठा होऊन तो माझ्याच पुढे आला होता आणि मी नुसता डबा घेऊन उभा. दोनदा बडवला. पुन्हा दोनदा.

"नाई काय म्हंतो? म्या सोता जुंपला होता!" पाटील ओरडला.

त्या दिवशी भाकर मातीसारखी लागली नाही. चीड आली की भूक लागते, हे औषध कोणत्या डॉक्टरने लिहून ठेवलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी पागोटं बांधलं, कारण समोर माणूस येऊन बसणार होता. पाखरांना पुन्हा गोफण दाखवली. आणि सांजेला अरदास व्हायची ती अशी: वरून ती माझ्यापर्यंत यायची, मी डबा बडवून पाटलाला खूण करायचो, पाटील आपल्या मोडक्या-तोडक्या बोलीत ती खाली सोडायचा, धानीकाकीचा होकार यायचा, आणि मी पुन्हा डब्याने तो वर कळवायचो. नाईकांना कळलं तेव्हा ते दोन्ही हात कपाळाला लावून माळ्यावर उभे राहिले, म्हणे. धनसिंगने मला ओरडून त्यांचा निरोप सांगितला: "नाईक म्हंते, आपली अरदास आपल्या घरातून भाईर गेली. लेकीसारकी गेली, नांदली पायजे!" नांदली म्हणजे अशी नांदली की आमच्या कोण्या शहाण्यालाही जमली नसती. अख्ख्या वऱ्हाडात, मी तर म्हणतो अख्ख्या मुंबई राज्यात, ज्याची अरदास परक्या जातीच्या माणसाने पाठ केली असा दुसरा तांडा दाखवा. मी पागोटं उतरवून देतो.

पाटलाची सून उठून बसली. नातवाने पेज मागितली. त्या सकाळी पाटील नाल्यावर आला आणि पाण्याकडे पाहून त्याने नुसते हात जोडले. मी इकडून जोडले. एवढंच.

माझा गळा हळूहळू परत आला. आधी बेडकासारखा, मग तुटक्या पिपाणीसारखा, मग बराचसा माझ्यासारखा. एके दुपारी मी ज्वारीत बसून हळूच लेंगीची एक ओळ म्हणून पाहिली, आणि ती निघाली. सांजेला वरची अरदास माझ्यापाशी आली. दम भरला. तोंड उघडलं. आणि मिटून घेतलं. डबा उचलून बडवला.

का, ते सांगतो. मी ती अरदास खाली नेली असती, तर पाटील गप बसला असता. आणि पाटील गप बसला असता तर साऱ्या जगाचं मागून झाल्यावर तो जे मागायचा, ते मला ऐकू आलं नसतं. जन्मभर मी देवीपुढे दुसऱ्यांसाठी ओरडलो होतो, आणि मनातून मला वाटायचं, मी ओरडतो म्हणून तिला ऐकू जातं. माझ्यासाठी कोणी ओरडतंय, आणि ते मी नुसतं बसून ऐकायचं, हा भोग मी कधी चाखला नव्हता. गोड होता. साथ ओसरेपर्यंत मी रोज तो चाखला. दुपारी ज्वारीत लेंगी म्हणायची आणि सांजेला डबा बडवायचा.

साथ गेली. नाईकांनी निरोप दिला, उद्या सकाळी तांड्यात या. ती माळ्यावरची शेवटची सांज. वरून अरदास आली, एकेक आवाज आता ताजा, हसरा. मी खूण केली. पाटलाने उचलली. मुंगी झाली, गुरं झाली, जग झालं. मग सून झाली, नातू झाला. मग त्याने जरा थांबून, जुन्या सवयीने, मोठ्याने म्हटलं, "आन् त्या बंजाऱ्याले तोंड दे, देवीमाय. उद्या लोकाईत जाते तो. मुका जाईन तं बरं दिसन काय?"

मला राहवलं नाही. माळ्यावर उभा राहिलो आणि होता नव्हता तेवढा आवाज लावून ओरडलो, "देल्लं, पाटील! देल्लं देवीमायनं!"

आवाज शिवारभर गेला. वरचं अंग, खालचं अंग, दोन्ही. मग पलीकडून पाटलाचा आवाज आला, संशयाने भरलेला.

"कवा देल्लं बे?"

"आत्ताच!" मी ओरडलो. "तुमी मांगलं आन् तेवढ्यात देल्लं! चमत्कार हाय, पाटील!"

मग नाल्यापलीकडे म्हातारा असा हसला की त्याला खोकला लागला.

"खोटं बोलून राह्यला!" त्याने साऱ्या शिवाराला ओरडून सांगितलं. "खोटं बोलून राह्यला लेकाचा! मंजे पुरता बरा झाला. सेन साई वेस!"

आणि तो शेवटचा शब्द त्याने असा स्वच्छ म्हटला, जणू आईच्या दुधाबरोबर प्यालेला. वरच्या अंगाने त्याला साथ दिली, खालच्या अंगाने दिली, धानीकाकीचा चिरका आवाज सगळ्यांच्या वर गेला, आणि मी, ज्याच्या हाकेने मोटारी सुटायच्या, त्या सगळ्यांत मिसळून हळूच म्हणालो. तेवढं पुरलं.

चमत्कार झाला की नाही, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. गळा तापाने गेला आणि तापानंतर परत आला, असं डॉक्टर म्हणतील, म्हणोत. मला एवढंच माहीत आहे की मी विहिरीच्या काठावर बसून याडीला बहिरी म्हटलं, आणि तिला तेव्हाच ऐकू गेलं जेव्हा माझ्याजवळ आवाज नव्हता. आपण हात सोडला तर सगळं कोसळेल असं वाटून माणूस जन्मभर घट्ट धरून बसतो. मग एक दिवस हात आपोआप सुटतो, आणि पाहतो तर दुसऱ्या काठावरून कोणी तरी धरलेलंच असतं. आता मी कोणी एकटा, गप बसलेला दिसला की त्याला उपदेश करीत नाही. त्याच्या समोर दगडावर जाऊन बसतो आणि विचारतो, कान हाय न? मग ऐक. किंवा तू बोल. दोन्हींतलं काही एक चालेल. मागायचं ते देवीकडे मी आजही मोठ्यानेच मागतो, गळा आहे तोवर मागणारच, पण शेवटी थोडा वेळ गप राहतो. माझ्यासाठी कोण काय मागतंय ते ऐकायला.